थंडी, झड आणि एकवीस किलोमीटर: अंगात काय घालायचं

खान्देशात राहून थंडी-पावसात पळायचे कपडे कसले शोधता असं बरेच जण म्हणतात, आणि त्यांचंही बरोबर आहे म्हणा, मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत भाजून निघणारे लोक आपण, आपल्याकडच्या रनरची सगळी अक्कल उन्हावरच खर्च होते, टोपी कोणती, पाणी किती, मीठ किती. पण हिवाळ्यात धुळ्याचा पारा सहा-सातवर आला हेही आपणच पेपरात वाचतो, सातपुड्यातल्या तोरणमाळ आणि डाबकडे दवबिंदू गोठल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी अवकाळी कधी टपकेल त्याचा काही नेम नाही. २०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस आठवा, वारं, गारा, पाऊस सगळं एकदमच आलं होतं. शिवाय आता आपली पोरं-पोरी नुसत्या जळगावच्या मेहरूण तलावाला चकरा मारत नाहीत, सप्टेंबरच्या आसपास साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळायला जातात, कोणी लडाखला जातं, कोणी तोरणमाळचा घाट पळत चढतं. साताऱ्याला, तोरणमाळला झड लागलेली असते आणि दोन-तीन तास भिजत पळायचं असतं.

तर पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, तुम्ही ओले होणारच. कितीही भारी जर्किन घ्या, दोन तासांच्या पळण्यात बाहेरून पाऊस नाही तर आतून घाम, ओलं व्हायचंच आहे. त्यामुळे दुकानात कपडा हातात घेतला की हा कोरडा ठेवेल का हे विचारूच नका. हा ओला झाल्यावर काय करेल, ते विचारा. पाणी धरून बसेल का, अंगाला चिकटून गार पडेल का, जड होईल का, घासेल का. बाकी सगळं यातूनच निघतं.

आणि याच परीक्षेत आपला लाडका कापूस नापास होतो. आता आपण कापसाच्या मुलखातले लोक, घराघरात कापूस, जिनिंग गावोगावी, त्यामुळे बोलायला जिवावर येतं, पण थंडी-पावसात पळताना अंगावर कापूस नकोच. सुती टीशर्ट पाणी पितो आणि सोडत नाही. कोरड्या हवेच्या मानाने पाणी अंगातली उष्णता साधारण पंचवीसपट वेगाने ओढून घेतं, म्हणजे ओला सुती टीशर्ट घालून वाऱ्यात पळणं म्हणजे अंगाला कूलरची ओली वाळ्याची जाळी बांधून पळणं. उन्हाळ्यात ठीक आहे, जानेवारीत नाही. एका पावसाळी हाफ मॅरेथॉनला सोळाव्या किलोमीटरजवळ एक भाऊ दिसला, अंगात जाडजूड मरून रंगाचा हुडी, सुती, आतून मऊ लव असलेला. सुरुवातीला तोच सगळ्यात उबदार दिसत होता. सोळाव्या किलोमीटरला हुडीचा खालचा काठ पाण्याच्या वजनाने मांड्यांपर्यंत लोंबत होता, बाह्या बोटांच्या पुढे गेलेल्या, मागची टोपी पाण्याने भरून मान मागे ओढत होती, आणि तो दर शंभर पावलांनी थांबून बाह्या पिळत होता. काढून टाकावा तर आत सुती बनियन, तोही चिंब. त्याला शेवटी ॲम्ब्युलन्समध्ये बसवून नेलं.

बनियनवरून आठवलं, लोक टीशर्ट चांगला ड्रायफिट, म्हणजे लवकर वाळणारा सिंथेटिक, घेतात आणि आत सवयीने सुती बनियन घालतात, खाली सुती चड्डी. सगळी मेहनत वाया. आतलं सगळं सिंथेटिक हवं, आणि सगळ्यात जास्त घासतं तेही तिथेच.

मग घालायचं काय. अंगाला लागून पॉलिएस्टरचा नाहीतर पॉलिएस्टर-लायक्राचा बसका टीशर्ट. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी जवळपास पीतच नाही, पाणी धाग्यांच्या मधल्या फटीत राहतं आणि अंगाच्या उष्णतेने बाहेर सरकत राहतं. महागडा ब्रँडच हवा असं काही नाही, जळगावच्या फुले मार्केटात नाहीतर धुळ्याला आग्रा रोडला क्रिकेटवाल्या पोरांसाठी जे जर्सीचे टीशर्ट मिळतात त्यातला पातळ, अंगाला बसणारा बघून घ्या. ढगळ घेऊ नका, ओला ढगळ टीशर्ट वाऱ्यात फडफडतो आणि प्रत्येक फडफडीला गार हवा आत घेतो. मापाच्या बाबतीत आपली आई-मावशी जे म्हणते ना, एक नंबर मोठा घे, वाढत्या अंगाचा, ते इथं ऐकू नका.

लोकरीचं काय असं कोणी विचारेल. लोकर चांगलीच. साक्री-शिंदखेड्याकडचे ठेलारी मेंढपाळ पाऊसपाण्यात घोंगडी पांघरूनच मेंढरांमागे फिरत आलेत, ते उगीच नाही, लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल आत जिरवते तरी हाताला ओली लागत नाही, आणि चिंब झाली तरी थोडी ऊब धरून ठेवते. पण घोंगडी घेऊन पळता येत नाही. पळायला मेरिनो म्हणून बारीक लोकरीचे टीशर्ट मिळतात, ते भारी असतात, महागही असतात, आणि आपल्या हवामानात वर्षातून किती दिवस लागतील तो हिशोब तुमचा तुम्ही करा. लडाख, हिमाचलला जाणार असाल तर एक घेऊन ठेवा. आणि हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला स्वेटरची दुकानं लागतात तिथला लोकरी म्हणून मिळणारा स्वेटर बहुतेक ॲक्रेलिकचा असतो, तो गावात फिरायला छान, पळायला नको, जाड असतो, पाणी धरतो.

किती घालायचं याचा एक साधा नियम जगभरचे रनर वापरतात: बाहेर जेवढे डिग्री असेल त्यात दहा मिळवा आणि तेवढ्या तापमानात नुसतं चालायला जे घालाल ते घालून पळा. बाहेर १० असेल तर २० ला फिरायला जे घालाल ते. कारण पळताना शरीर बसल्यापेक्षा आठ-दहापट उष्णता तयार करतं. घराबाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं थोडं काकडायला झालं पाहिजे, पहिल्याच मिनिटाला छान ऊब वाटत असेल तर तुम्ही जास्त घातलंय. पण हा नियम कोरड्या हवेचा आहे. पाऊस आणि वारं असेल तर दहाच्या जागी पाचच मिळवा. आणि तुम्ही किती वेळ पळणार आणि शेवटी चालायची पाळी येणार का ते खरं खरं स्वतःला विचारा, कारण जो दीड तासात हाफ संपवतो त्याची भट्टी शेवटपर्यंत पेटलेली असते, तो हाफ पॅन्टवर निभावतो, आणि ज्याला पावणेतीन तास लागणार, शेवटचे चार-पाच किलोमीटर चालत जाणार, त्याची भट्टी ऐन भिजल्यावर विझते. तुम्ही फोटो पहिल्या आलेल्याचा बघता आणि कपडे त्याचे बघून घालता, इथेच फसता.

आणि पहिले येणारे तरी कुठे सगळे उघडे पळतात. २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन बघा, एप्रिलची १६ तारीख, सुरुवातीला तीन-चार डिग्री, मुसळधार पाऊस आणि तोंडावर वारं. मोठमोठे पळणारे अर्ध्यात बसले. बायकांमध्ये डेझ लिंडेन जिंकली, २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंद, आणि फिनिशचा फोटो बघा, जॅकेट अंगातच आहे. दुसरी आली सारा सेलर्स, ती व्यावसायिक धावपटूसुद्धा नव्हती, नर्सिंगची नोकरी करणारी. पुरुषांत जपानचा युकी कावाउची जिंकला, तोही तेव्हा सरकारी नोकरी सांभाळून पळणारा. सगळ्यात जोरात पळणाऱ्यांचा तो दिवसच नव्हता.

आता जर्किन. इथं सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. गाडीवर घालायचा रेनकोट, तो रेक्झिनसारखा, तो पळायला कामाचा नाही, पाऊस आत येत नाही पण घामही बाहेर जात नाही, दोन किलोमीटरमध्ये आतून धो धो. मग तुम्ही तो काढता, घामाने भिजलेल्या अंगावर वारं लागतं आणि हुडहुडी भरते. पळायला लागतं ते पातळ विंडचीटर, मुठीत मावेल एवढं, जे वारं अडवतं आणि पाऊस थोडा वेळ थोपवतं. पाऊस आत आला तरी चालतो, वारं आत आलं नाही पाहिजे. कारण ओल्या अंगाला खरा मार वाऱ्याचा बसतो, आत अडकलेलं पाणी अंगाच्या उष्णतेने कोमट होतं, वारं लागलं की तेच बर्फ. दुकानात बघायची पद्धत सोपी आहे, कापड तोंडाला लावून जोरात फुंका. फुंकर आरपार गेली तर ते विंडचीटर नावालाच आहे. घरी आणल्यावर चमचाभर पाणी टाकून बघा, थेंब मोत्यासारखे घरंगळले तर वरचा लेप शाबूत आहे, पसरून डाग पडला तर लेप गेलाय.

घेताना चेन समोरून पूर्ण उघडणारी घ्या, डोक्यातून घालायचं नको. चढ आला, ऊब वाटायला लागली की घाम सुटायच्या आधी चेन अर्धी उघडायची, उतार किंवा उघडं माळरान आलं की लावायची. मनगटाला इलॅस्टिक बघा. घाटात हे फार कामाला येतं, तोरणमाळला चढताना तुम्ही तापलेले असता आणि वर पठारावर आलात की धुकं आणि वारं एकदम अंगावर येतं. शहाद्यात आणि वर तोरणमाळला हजारेक मीटरचा फरक आहे, तेवढ्या चढाईला हवा सहा-साडेसहा डिग्रीने गार होते, खाली बघून कपडे घातले तर वर पस्तावाल. चाळीसगावकडून कन्नड घाट चढणाऱ्यांनाही तेच.

पायांना. बारा-तेरा डिग्रीच्या वर असेल तर हाफ पॅन्ट पुरते, पाय पळतातच, त्यांना थंडी कमी वाजते, आणि उघडी कातडी ओल्या कापडापेक्षा लवकर वाळते. त्याखाली गेलं की अंगाला चिकटणाऱ्या टाइट्स. ट्रॅकपँट, विशेषतः ती शाळेच्या पीटीच्या तासाची ढगळ, पाऊस पडला की पोटऱ्यांना गुंडाळते आणि गुडघ्यावर ओढ बसते, तिला घरीच ठेवा. काही जण टाइट्सवर लाजेखातर हाफ पॅन्ट घालतात, घाला, काही बिघडत नाही, फक्त तीही सुती नको.

हात हा विषय लोक सोडूनच देतात आणि नंतर रडतात. शरीर गार पडायला लागलं की ते रक्त आत पोटा-छातीकडे वळवतं आणि पहिली शिक्षा बोटांना मिळते. बोटं बधिर झाली की एनर्जी जेलचं पाकीट फुटत नाही, खारीकेची पुडी उघडत नाही, बुटाची लेस बांधता येत नाही, जर्किनची चेन ओढता येत नाही, लघवीला थांबलं तर नाडी सुटत नाही, हसू नका, खरंच होतं. म्हणून पातळ हातमोजे घ्या, आणि जास्तीचा पाऊस असेल तर मेडिकलवाल्याकडून एक नंबर मोठे रबरी हातमोजे घेऊन ते वरून चढवा. दिसायला ऑपरेशनला निघाल्यासारखं दिसतं पण बोटं चालू राहतात. बाह्यांसाठी फुटबॉलचे लांब स्टॉकिंग घ्या, पुढचा पंजाचा भाग कापून टाका, झाल्या बाह्या. पन्नास-शंभर रुपयांत काम होतं, गरम व्हायला लागलं की मनगटापर्यंत खाली ओढायच्या, थंडी वाजली की वर. फुल बाह्यांच्या टीशर्टापेक्षा हे मला बरं वाटतं, कारण मधेच बदलता येतं.

डोक्याला माकडटोपी नको. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं जे सांगतात ती जुनी समजूत आहे, डोकं शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आहे आणि उष्णताही साधारण त्याच हिशोबात जाते. पण कान झाकले तर जिवाला बरं वाटतं हे खरं, त्यासाठी एक पातळ बफ, म्हणजे गळ्या-कानांवर ओढायची कापडी नळी, पुरतो, आणि वरून पुढे चोच असलेली पळायची कॅप. चोच महत्त्वाची, पाऊस डोळ्यात जात नाही, आणि चष्मेवाल्यांना तर त्याशिवाय पळताच येत नाही. क्रिकेटची जाड सुती कॅप नको, परत तेच, पाणी धरते.

पायमोजे पातळ, नायलॉन-पॉलिएस्टरचे, टाचेला आणि बोटांना शिवण न टोचणारे. शाळेचे पांढरे सुती मोजे घातले तर दहाव्या किलोमीटरला फोड नक्की. बूट वॉटरप्रूफ घ्यावेत का असं बरेच विचारतात. शहरातल्या चिकचिकाटात चालायला ते ठीक आहेत, पण लांब पळायला माझं मत नको असंच. पाणी वरून, घोट्याकडून आत जातंच, डबक्यात एकदा पाय पडला की संपलं, आणि मग ते पाणी बाहेर येत नाही, बुटात तळं घेऊन पळा. साधा जाळीचा बूट भिजतो पण प्रत्येक पावलाला पाणी बाहेरही फेकतो. तळ मात्र झिजलेला नको. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे, स्पीडब्रेकरचा रंग, फरशी पुलाचा शेवाळलेला कठडा, हे सगळं निसरडं होतं. आणि डांबरी सोडून शेताच्या बांधावर, पांदीत उतरू नका, आपली काळी माती एकदा बुटाला लागली की सोडत नाही, चार पावलात बुटाचा तळ दिसेनासा होतो आणि बूट दुप्पट जड होतो. लेसला दुहेरी गाठ मारा, ओली लेस सुटते.

घासण्याबद्दल थोडं उघडच बोलतो, कारण कोणी सांगत नाही आणि पहिल्या ओल्या लाँग रननंतर बाथरूममध्ये पाणी पडल्यावर माणूस ओरडतो तेव्हा कळतं. काखा, मांड्यांच्या आतली बाजू, कमरेचं इलॅस्टिक, पुरुषांची स्तनाग्रं, बायकांच्या स्पोर्ट्स ब्राची खालची पट्टी आणि खांद्याच्या शिवणी, इथं सगळीकडे कपडे घालायच्या आधी व्हॅसलीन थापा. चोळायचं नाही, थापायचं, थर दिसला पाहिजे. खोबरेल तेल पावसात टिकत नाही. स्तनाग्रांना वॉटरप्रूफ पट्टी लावणार असाल तर ती व्हॅसलीनच्या आधी, कोरड्या कातडीवर, नाहीतर पहिल्याच किलोमीटरला निघते. पायाच्या बोटांमध्येही थोडं व्हॅसलीन.

अंदाज म्हणून सांगतो, तुमच्या अंगाप्रमाणे कमी-जास्त करा. पाऊस आणि १८ ते २२ डिग्री, म्हणजे सातपुड्यातला श्रावण-भादवा, तिथं हाफ बाह्यांचा टीशर्ट, हाफ पॅन्ट, कॅप बस्स, फक्त दोन तासांच्या वर पळणार असाल तर विंडचीटर कमरेला गुंडाळून ठेवा. १२ ते १७, म्हणजे आपल्याकडची अवकाळीची सकाळ, तिथं त्याच्यावर बाह्या आणि हातमोजे, वारं असेल तर विंडचीटर सुरुवातीपासून. ७ ते ११ ला फुल बाह्यांचा बसका टीशर्ट, वरून विंडचीटर, टाइट्स, बफ, हातमोजे दुहेरी. त्याच्या खाली पाऊस असेल तर आत अजून एक पातळ थर, आणि खरं सांगायचं तर सरावाचा दिवस असेल तर घरी दोरीच्या उड्या मारा, स्पर्धा असेल तरच जा.

स्पर्धा म्हटली की सुरुवातीच्या आधीचा एक तास. पाचला बोलावतात, सहाला सोडतात, आणि पुढाऱ्यांना यायला उशीर झाला तर अजून अर्धा तास, तेवढा वेळ तुम्ही भिजत उभे. अर्धी लढाई इथंच हरतात लोक. त्यासाठी एक जुना, टाकून द्यायचा स्वेटर आणि मोठी काळी कचऱ्याची पिशवी, तळाला डोक्यापुरतं भोक पाडून अंगात घालायची, हात आतच ठेवायचे. रावेर-यावलवाल्यांना तर पिशवी विकतही घ्यायची गरज नाही, केळीच्या घडाला घालतात ती स्कर्टिंग बॅग लांब असते, दोन्हीकडून उघडी असते, कोणाच्याही शेतात सापडेल, फक्त वापरलेली नको, चिकाने कपडे काळे होतात. पहिला किलोमीटर ती घालूनच पळा, मग काढून कचऱ्याच्या डब्यात टाका, रस्त्यावर नाही, मागच्याच्या पायात अडकते. आणि नंबरचा कागद टीशर्टाला टाचला आणि वरून विंडचीटर चढवलं तर नंबर दिसणार नाही, म्हणून तो हाफ पॅन्टला नाहीतर कमरेच्या पट्ट्याला लावा.

मोबाइल झिपच्या पिशवीत. पन्नास रुपयांच्या नोटाही त्यातच.

एकटे सरावाला निघत असाल तर रंगाचा विचार करा. पावसाळी सकाळी साडेसहापर्यंत अंधारच असतो, हायवेवर ट्रकच्या चाकांचा पाण्याचा फवारा, त्यात काळं विंडचीटर घालून पळणं म्हणजे जिवाशी खेळ. पोपटी, नारिंगी घ्या, पाठीवर चमकपट्टी हवी. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळा, मागच्या लाइटशिवाय चाललेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या तर तुम्हाला ओळखीच्या आहेतच. चहाच्या टपरीवरून कोणी ओरडेलच, “इतली थंडीमा कोठे पयी राह्यना रे भो,” ओरडू द्या, निदान तुम्ही दिसलात.

आता जरा गंभीर. थंडी भरणं ही नुसती सहन करायची गोष्ट समजू नका. २०२१ साली २२ मे ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरातली स्पर्धा होती, दुपारी अचानक गारा, गार पाऊस आणि सोसाट्याचं वारं आलं, बरेच जण टीशर्ट-हाफ पॅन्टवर होते, २१ जण थंडीने गारठून मेले. त्यांत नावाजलेले धावपटू होते. तिथल्या एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेलं, शेकोटी पेटवली, पांघरायला दिलं, ते वाचले. आणि हे व्हायला बर्फच लागतो असं नाही, चिंब कपडे, वारं आणि थकलेलं शरीर असेल तर दहा-पंधरा डिग्रीलाही माणूस गारठतो. शरीराच्या आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू. बोटं ऐकेनाशी होणं, अडखळणं, बोलताना जीभ जड होणं, प्रश्नाचं भलतंच उत्तर देणं, ही लक्षणं. कोणी दातावर दात आपटत थरथरतोय तर तो अजून लढतोय, तोच अजून भिजलेला असताना एकदम शांत झाला, थरथर थांबली आणि गुंगीत गेला तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, लगेच १०८ ला फोन करा. तोवर आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड गरम चहा द्या. हातपाय जोरात चोळू नका, दारूचा घोट तर अजिबात नाही, दारूने ऊब वाटते पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. लांब जात असाल तर चंदेरी पन्नीची ती पातळ चादर मिळते ना, ती घडी करून खिशात ठेवा, मुठीएवढीच होते.

संपल्यावर मेडल घालून फोटो काढत उभे राहू नका. पळणं थांबलं की भट्टी बंद, आणि कपडे ओलेच. दहा मिनिटांच्या आत बदला. बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत टॉवेल, पूर्ण कोरडे कपडे, आतले सुद्धा, सुती चालतील आता, हौस भागवून घ्या, आणि चपला. आधी वरचं अंग पुसून कोरडं घालायचं, डोकं पुसायचं, मग खालचं. बायकांनी ओली स्पोर्ट्स ब्रा सगळ्यात आधी काढा, कोरडा टीशर्ट वरून घातला तरी ती छातीला गार धरूनच राहते, आणि आयोजक बदलायला जागा ठेवतात का ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, नाहीतर ओढणी किंवा मोठी लुंगी सोबत. मग चहा, आणि घरी जाऊन कळण्याची भाकरी आणि भरीत.

घरी आल्यावर कपडे लगेच धुवा, ओले बॅगेत ठेवलेत तर वास जात नाही. पॉलिएस्टरला आणि विंडचीटरला कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड लावू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी सरकायचं थांबतं, विंडचीटरवरचे मोतीही जातात. बुटाची आतली गादी काढून वेगळी वाळवा, बुटात जुना पेपर बोळा करून कोंबा, दोन-तीन तासांनी तो ओला झाला की बदला. चुलीजवळ, गीझरवर, कडक उन्हात ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो.